उद्योजक किंवा कंपनीचा मॅनेजर चांगला नगराध्यक्ष होतो का?

वाशिष्ठीकाठ

नगरपरिषदेची निवडणूक आली की खेडपासून वेंगुर्ल्यापर्यंत एक वाक्य हमखास कानावर पडतं : "तो माणूस एवढा मोठा कारखाना चालवतो, त्याला गाव चालवणं काय जड आहे?" लोटे, खडपोली, मिरजोळे, कुडाळ, महाड, रोहा इथे एमआयडीसी आहेत. शिवाय आंबा-काजू प्रक्रिया, मासळी निर्यात, हॉटेलं यांतून वर आलेली माणसं गावोगाव आहेत. त्यांतले काही जण राजकारणात उतरतात आणि मतदार त्यांच्याकडे आशेने बघतात, कारण तोच खड्डा आणि तीच मे महिन्यातली पाणीटंचाई बघून लोक कंटाळलेत.

माझं मत असं की धंदा चालवायचं कौशल्य गावकारभारात उपयोगी पडतं, पण त्यातलं थोडंच. कुठलं उपयोगी पडतं आणि कुठलं उलट आड येतं, हे ज्यांना नगरपरिषद, पंचायत, निविदा, पाणीयोजना यांची आतून माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावं. पक्षांची भांडणं इथे नकोत, आणि सध्या पदावर असलेल्या कोणाचं नावही नको.

गलबत

माझं मत स्पष्ट आहे, उद्योजक हवेत. आपल्याकडे नवीन बांधायला निधी मिळतो, बांधलेलं चालवायला मिळत नाही, आणि सगळं घोडं तिथेच अडतं. नाट्यगृह, मासळी मार्केट, सांडपाणी प्रकल्प यांचं उद्घाटन होतं. पुढच्या वर्षी वीजबिल, ऑपरेटरचा पगार आणि दुरुस्ती नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून करावी लागते, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांच्या भाड्यातून. कारखानदार यंत्र घ्यायच्या आधीच विचारतो की हे वर्षभर चालवायला किती लागणार. हा एक प्रश्न सभागृहात वेळेवर विचारला गेला असता तर किनाऱ्यावरच्या निम्म्या बंद इमारती उभ्याच राहिल्या नसत्या.

उदाहरण हवं तर न्यूयॉर्कचे मायकेल ब्लूमबर्ग. २००२ ते २०१३ महापौर, पगार वर्षाला एक डॉलर. आल्या आल्या तूट भरून काढायला मालमत्ता कर साडेअठरा टक्क्यांनी वाढवला. लोक चिडले, पण तिजोरी सावरली. पुढच्या वर्षी सगळ्या तक्रारींसाठी ३११ हा एकच नंबर सुरू केला. मुरलेला राजकारणी पहिल्याच वर्षी करवाढ करायला धजावत नाही.

उंडी

गलबत, देखभालीच्या खर्चाबद्दल सोळा आणे खरं. पण ब्लूमबर्ग इथे लागू होत नाहीत. न्यूयॉर्कचा महापौर खातेप्रमुख स्वतः नेमतो, स्वतः काढतो. आपल्या नगराध्यक्षाला शिपाईसुद्धा काढता येत नाही.

महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ हा कायदा बघा. कार्यकारी प्रमुख मुख्याधिकारी. तो राज्य सरकारचा माणूस, त्याची बदली मंत्रालयातून होते. लेखापाल, कर निरीक्षक, नगर अभियंता हे बहुतेक राज्य संवर्गातले. पगाराचा मोठा भाग जकात गेल्यानंतर सुरू झालेल्या सहाय्यक अनुदानातून येतो. नगराध्यक्षाच्या हातात सभेचं अध्यक्षस्थान, विषयपत्रिका, कारभारावर देखरेख आणि तातडीच्या कामाचे काही अधिकार. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून किमान एकदा घ्यावी लागते, तिची नोटीस सात पूर्ण दिवस आधी. विशेष सभेला तीन दिवस. ठराव झाला तरी तो कायद्याबाहेरचा वाटला तर जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली स्थगित करू शकतात.

आता यात कंपनीचा एमडी बसवा. तिकडे तो सकाळी सांगतो आणि संध्याकाळी माल हलतो. इकडे त्याने सांगितलेलं काम विषयपत्रिकेवर येणार, सभेत मंजूर होणार, अंदाजपत्रक होणार, तांत्रिक मंजुरी मिळणार, निविदा निघणार. हा क्रम मोडला की लेखापरीक्षणात आक्षेप, आणि आक्षेप वसुलीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून मुख्याधिकारी सही देत नाही. नवा नगराध्यक्ष समजतो की हा मुद्दाम अडवतोय. सहा महिन्यांत दोघांचं बोलणं बंद, आणि उरलेली साडेचार वर्षं गावाची फरफट.

दुसरी अडचण थेट निवडीची. २०१६ला थेट नगराध्यक्ष आला, मध्यंतरी सरकार बदललं तशी नगरसेवकांतून निवड आली, २०२२ला पुन्हा थेट. थेट निवडीत नगराध्यक्ष एका बाजूचा आणि बहुमत दुसऱ्या बाजूचं, हे सर्रास होतं. विषय समित्या बहुमताकडे जातात. मग अंदाजपत्रक मंजूर करून घ्यायलाही विरोधी नगरसेवकाच्या वॉर्डातलं गटार आधी करावं लागतं. ज्याला हे कमीपणाचं वाटतं त्याने या पदाच्या वाटेला जाऊ नये.

खळा

"नगराध्यक्षाला शिपाईसुद्धा काढता येत नाही" हे वाक्य प्रत्येक इच्छुकाच्या अर्जावर छापायला हवं.

सुरंगी

उंडींना जोडून. 'एक कार्यक्षम माणूस बसवा, राजकारण बाजूला ठेवा' हा प्रयोग आपण नुकताच करून बसलोय. ओबीसी आरक्षणाच्या खटल्यामुळे निवडणुका लांबल्या, मुदत संपलेल्या नगरपरिषदांवर काही वर्षं प्रशासक होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये आदेश दिला तेव्हा निवडणुकांचं चाक हललं. त्या काळात सभा नव्हती, विरोध नव्हता, मंजुरी देणारा आणि अंमल करणारा एकच. कंपनीच्या कारभाराच्या याहून जवळ आपली नगरपरिषद जाणार नाही.

निविदा निघणं, बिलं निघणं ही कामं भरभर झाली. पण कुठल्या गल्लीत पाणी येत नाही, कुठला पथदिवा मीटरसकट जळालाय, कुठल्या पऱ्यात (ओढ्यात) भराव टाकलाय, हे ऑफिसपर्यंत न्यायला नगरसेवकच नव्हता. माणसाने अर्ज द्यायचा, पोच घ्यायची आणि वाट बघायची. नगरसेवक ही गावाची कान-डोळ्यांची यंत्रणा आहे, मग तो शिकलेला असो की नसो.

एक मात्र मान्य करते. वेंगुर्ल्याचं कचऱ्याचं काम, म्हणजे घरातूनच वेगवेगळा कचरा, ओल्याचं खत आणि बायोगॅस, प्लॅस्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यात, हे मुख्याधिकाऱ्याच्या पुढाकाराने नावारूपाला आलं. अधिकारी चांगला असेल तर तो खूप करतो. पण तिथेही घरोघरच्या बायकांनी कचरा वेगळा दिला म्हणून ते जमलं, हुकमाने जमलं नसतं.

कातळ

उपयोगी पडणारं कौशल्य कुठलं, हा धाग्याचा प्रश्न आहे, म्हणून पाणीयोजनेवर लिहितो. कारखान्यातला माणूस इथे खरोखर फरक पाडू शकतो.

पहिली गोष्ट वीज. आपल्या बहुतेक योजना नदीतून किंवा धरणातून पाणी उचलून टेकडीवरच्या टाकीत नेणाऱ्या. खर्चाचा मोठा हिस्सा पंपाचं वीजबिल. उच्चदाब जोडण्यांना महावितरण एप्रिल २०२०पासून केव्हीएएचवर बिल देतं, म्हणजे पॉवर फॅक्टर (खेचलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) खराब असेल तर त्याच कामाला जास्त युनिटं मोजली जातात. पॉवर फॅक्टर ०.८० असलेला पंपगृहाचा भार ०.९८ वर आणला तर केव्हीएएच सुमारे १८ टक्के कमी होतात. त्यासाठी पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक तपासायची, जळालेले कपॅसिटर बदलायचे. करार मागणी (महावितरणकडे नोंदवलेला कमाल भार) खऱ्या भाराइतकी आहे का तेही बघायचं. कारखान्यात हे दर महिन्याला बघतात. नगरपरिषदेत बिल येतं, लेखापाल रक्कम बघतो, चेक जातो. बिलाच्या मागच्या पानावरचा पॉवर फॅक्टर कोणी वाचत नाही.

दुसरी गोष्ट गळती. घाटावर पाइप फुटला की वर चिखल दिसतो. आपल्याकडे जांभा. पाणी खाली मुरून जातं, वर ठिपूस दिसत नाही. शोधायची साधी पद्धत : रात्री दोन ते चार या वेळेत वॉर्डांचे सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे, टाकीत येणारं पाणीही बंद, आणि टाकीची पातळी मोजायची. टाकीच्या तळाचं क्षेत्रफळ ५० चौरस मीटर असेल आणि दोन तासांत पातळी १० सेंटिमीटर उतरली, तर ५,००० लिटर गेलं. म्हणजे तासाला अडीच हजार, दिवसाला ६०,००० लिटर. ही गळती टाकी ते व्हॉल्व्ह या मुख्य वाहिनीतली, आणि ती वाहिनी कायम भरलेली असते, म्हणून चोवीस तास चालू. जलजीवनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशोबाने हजारावर माणसांचं पाणी झालं हे. मोजमापाआधी व्हॉल्व्ह खरोखर बंद होतात का ते बघायला विसरू नका. जुन्या स्लुइस व्हॉल्व्हच्या बैठकीत वाळू अडकलेली असते, चाक फिरतं पण पाणी थांबत नाही, आणि सगळा हिशोब चुकतो.

इथवर उद्योजक जिंकतो. पुढचा टप्पा म्हणजे पाइप बदलायला रस्ता खोदणं आणि पाणीपट्टी वाढवणं. रस्ता नुकताच झालेला, ठेकेदाराचा दोष निवारण कालावधी (बिघाड त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) चालू, खोदला की तो हात वर करणार. पाणीपट्टीसाठी सभागृह लागणार. तिथे त्याची सगळी मदार उंडींनी लिहिलेल्या गोष्टींवर.

गलबत

कातळ यांचा प्रतिसाद छापून ठेवावा असा. पण उंडी, सुरंगी, तुम्ही दोघं कायदाच असा आहे म्हणून हात टेकता. माणूस खमका असेल तर वाट काढतो. आपल्याच भागातलं सगळ्यात मोठं काम बघा. कोकण रेल्वे. रेल्वे अभियंता ई. श्रीधरन यांना स्वतंत्र महामंडळ दिलं, निर्णयाचे अधिकार दिले, आणि सह्याद्रीच्या कुशीतून, दरडी, पूर, मऊ मातीचे बोगदे यांतून गाडी २६ जानेवारी १९९८ला धावली. राजकारण्यांकडून ते झालं असतं का?

तांबडा भात

झालं असतं का नाही, राजकारण्यांनीच केलं ते. श्रीधरन यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे, म्हणूनच अर्धी गोष्ट सांगून चालणार नाही.

१९९०मध्ये कोकण रेल्वे महामंडळ झालं तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते, म्हणजे कामगार पुढारी. अर्थमंत्री मधु दंडवते, राजापूरचे खासदार, मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. रेल्वेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून एवढा पैसा निघणार नव्हता. मग महामंडळ काढायचं, भागभांडवल रेल्वेने ५१ टक्के, महाराष्ट्राने २२, कर्नाटकाने १५, गोवा आणि केरळने प्रत्येकी ६ घालायचं आणि बाकी रोख्यांतून उभं करायचं, हा आराखडा ठरला. चार राज्यांना एका कागदावर सही करायला लावणं हे निखळ राजकीय काम. बोगदा खणण्याइतकंच कठीण, आणि त्यात दरड कुठून येणार हेही आधी कळत नाही.

पुढे गोव्यात मार्गाच्या आखणीवरून आंदोलन पेटलं, तिथलं काम थांबलं, केंद्राला चौकशी नेमावी लागली. हा तिढा अभियंत्याच्या टेबलावर सुटण्यातला नव्हताच. आणि तेच श्रीधरन २०२१ला केरळ विधानसभेला पालक्काडमधून उभे राहिले तेव्हा थोडक्यात हरले. आधारची बांधणी करणारे नंदन निलेकणी २०१४ला दक्षिण बंगळूरमधून पडले. दोघांनी कामं केली ती नेमणुकीच्या पदावरून, वर कोणीतरी राजकीय छत्री धरली होती म्हणून.

जरा अवांतर होईल, पण राजापूर मतदारसंघ या प्रश्नाचा चांगला अभ्यास आहे. आधी बॅरिस्टर नाथ पै, मग १९७१ ते १९९१ दंडवते, १९९६पासून सुरेश प्रभू. प्रभू चार्टर्ड अकाउंटंट, सारस्वत बँकेचे अध्यक्ष राहिलेले. म्हणजे वित्ताची जाण असलेला माणूस आपण चारदा निवडून दिला आणि तो पुढे ऊर्जामंत्री, रेल्वेमंत्री झाला. २००९ला मात्र नव्या रत्नागिरी-सिंधुदुर्गमधून तेच हरले.

आणि दंडवत्यांचं एक काम कोणत्याही एमडीने केलं नसतं असं मला वाटतं. १९७७ला रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम घालायला लावला. त्याने तिकीट महाग झालं नाही, उत्पन्न वाढलं नाही, परताव्याच्या कोष्टकात तो खर्च कुठेच बसत नव्हता. पण मुंबईहून रात्रभर गाडीत बसणाऱ्या माणसाची पाठ कशी दुखते हे कळायला कोष्टक लागत नाही.

वायंगण

दोन इंच फोमाची गजाल ऐकान बरा वाटला. आमच्याकडे म्हणतत ता खोटा न्हय, गाव करी ता राव काय करी!

पातवाला

मच्छीमारीच्या बाजूने एक मुद्दा राहिला. आपल्या बंदरांवर 'उद्योजक' म्हणजे बऱ्याचदा पर्ससीन (थव्याला वेढा घालणारं मोठं जाळं) बोटींचा मालक, बर्फाच्या कारखान्याचा मालक किंवा निर्यातदार. तो निवडून आला की त्याचा धंदा आणि गावाचं हित एकाच पाण्यात येतं.

राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ला पर्ससीनवर निर्बंध घातले. राज्याच्या हद्दीत, म्हणजे १२ सागरी मैलांच्या आत, ठरलेल्या पट्ट्यातच आणि सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा, परवानेही कमी करत न्यायचे. कारण तारली-बांगड्याचा अख्खा थवा एका वेढ्यात उचलला जातो आणि रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे), गिलनेटवाले अशा पारंपरिक मच्छीमारांना काही उरत नाही. यात दोन्ही बाजूंना खरी अडचण आहे. पर्ससीनवाल्यावर बोटीचं कर्ज असतं, खलाशांच्या उचली आधीच दिलेल्या असतात, चार महिन्यांत ते निघत नाही. पारंपरिकवाल्याची तर चूलच त्यावर.

अशा ठिकाणी लोकप्रतिनिधी स्वतः एका बाजूचा मालक असेल तर तो कितीही सज्जन असो, दुसरी बाजू त्याच्या दारात येत नाही. थेट पोलीस ठाण्यात किंवा रस्त्यावर जाते. दोन्ही बाजूंना एका खोलीत बसवणारा माणूस बंदरावर लागतो.

भरती-ओहोटी

पातवाला यांनी हितसंबंधांना हात घातला ते बरं केलं. माझ्या मते खरी कसोटी इथेच, हुशारी दुय्यम.

बाहेर बघा. थायलंडचे थाक्सिन दूरसंचार उद्योजक. २००१ला पंतप्रधान झाले. गरिबांसाठी स्वस्त उपचाराची योजना आणली आणि गावाकडे तुफान लोकप्रिय झाले. जानेवारी २००६ला कुटुंबाने कंपनीचे शेअर सिंगापूरच्या सरकारी गुंतवणूक कंपनीला विकले, त्या व्यवहारात कर लागला नाही म्हणून बँकॉक रस्त्यावर आलं, सप्टेंबरमध्ये लष्कराने सत्ता घेतली. चेकियाचे पंतप्रधान झालेले बाबिश अ‍ॅग्रोफर्ट या शेती-अन्न उद्योगसमूहाचे मालक. कंपनी ट्रस्टमध्ये ठेवली तरी युरोपीय आयोगाच्या तपासणीत हितसंबंधांचा संघर्ष निघालाच, कारण अनुदानं त्याच कंपनीला जात होती.

आपल्या गावात हेच लहान आकारात होतं. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ सांगतं की पंचायतीच्या कामात किंवा करारात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर सदस्य अपात्र. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तरी अपात्र. नगरपरिषदेच्या कायद्यातही तसंच आहे. म्हणून ठेका भावाच्या, मेहुण्याच्या, मॅनेजरच्या नावावर निघतो. खडी, चिरा, जेसीबी, टँकर, सिमेंट हे धंदे असलेला उमेदवार असेल तर मतदाराने पहिला प्रश्न हा विचारावा की पुढची पाच वर्षं तुमचा माल आणि यंत्रं गावच्या कामावर येणार का, नातेवाइकांच्या नावानेसुद्धा. टाळाटाळ झाली की समजून जावं.

हॉटेलवाल्यांबाबत सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम. २०१९च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर, म्हणजे २०११च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१हून जास्त लोक असतील तिथे, ना-विकास पट्टा ५० मीटर. बाकी ग्रामीण भागात २०० मीटर. नकाशावरची ती रेषा कोणाच्या वाडीतून जाते यावर कोट्यवधींची उलाढाल अवलंबून. विकास आराखड्यातली आरक्षणं, चिपळूणची २०२१च्या पुरानंतरची निळी-लाल पूररेषा, सगळीकडे तेच. रेषेच्या आत ज्याचं दुकान आहे त्याने रेषेवरच्या चर्चेत अध्यक्षस्थानी बसू नये, एवढा साधा नियम पाळला तरी पुष्कळ.

गलबत

हितसंबंधांचा मुद्दा मान्य, त्यावर वाद नाही. पण मग बिनधंद्याचा माणूस निवडायचा का? पूर्ण वेळ राजकारण करणाऱ्याचं घर कशावर चालतं? सरपंचाचं मानधन २०२४मध्ये दुप्पट केलं तरी दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात ते महिना ६,००० रुपये आहे. ज्याचा स्वतःचा धंदा चांगला चालतो त्याला गावच्या पैशाला हात लावायची गरज नसते.

उंडी

गरज आणि इच्छा यांचा संबंध आपण समजतो तितका घट्ट नसतो. मानधन तुटपुंजं आहे हे मात्र खरं. त्यामुळे शेतमजूर, खलाशी, कामाला जाणाऱ्या बायका उभ्याच राहू शकत नाहीत. ते वाढायलाच हवं.

सुरंगी

धंद्यातल्या माणसाची निविदेत कशी गल्लत होते ते कोणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. कारखान्यात तीन कोटेशनं मागवायची, तिघांशी घासाघीस करायची, ओळखीचा आणि खात्रीचा असेल त्याला काम द्यायचं. सरकारी निविदेत दोन लिफाफे. तांत्रिक लिफाफ्यात जो बसला त्याचाच आर्थिक उघडतो, आणि सर्वांत कमी दराचा जो असेल त्याच्याशीच बोलणी करता येतात. दुसऱ्या क्रमांकाचा कितीही चांगला असला तरी त्याला बोलावता येत नाही. अंदाजपत्रकाच्या खूपच खालचा दर आला तर जादा सुरक्षा ठेव घ्यायची.

मग दर्जा राखायचा कसा? निविदा निघायच्या आधी, अटींमध्ये. रस्ता असेल तर थराची जाडी, चाचण्या किती आणि कोणत्या प्रयोगशाळेत, दोष निवारण कालावधी किती वर्षं. काम चालू असताना मोजमाप पुस्तिकेतली नोंद जागेवर जाऊन पडताळायची, कारण बिल निघतं ते त्या पुस्तिकेवर. खरेदी विभागात काम केलेला माणूस या अटी उत्तम लिहून घेऊ शकतो. पण तो बहुतेक वेळा निविदा उघडल्यावर जागा होतो, आणि तेव्हा आरडाओरडा करून काही उपयोग नसतो.

कोकणात एक अट जास्त. कार्यारंभ आदेश फेब्रुवारीत निघाला तर डांबरीकरण मेअखेर होतं. एप्रिलमध्ये निघाला की ठेकेदार पहिल्या पावसात उरकतो. त्यासाठी अंदाजपत्रक आणि मंजुऱ्या दिवाळीच्या आसपास हातात हव्यात, आणि मध्ये आचारसंहिता येते का तेही धरायला हवं. वेळापत्रक उलटं, म्हणजे शेवटच्या तारखेपासून मागे आखायची सवय धंदेवाल्याला असते. ती इथे सोन्यासारखी.

फणसपोळी

दाभोळचं कोणी नाव काढलं नाही? सौदा झटपट करायची हौस काय करते त्याचं उदाहरण आपल्या गुहागर तालुक्यातच आहे. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीची माणसं जून १९९२मध्ये आली आणि काही दिवसांत सामंजस्य करार झाला. डिसेंबर १९९३ला वीजखरेदी करार. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचा, आणि दर डॉलरशी व इंधनाच्या भावाशी बांधलेला. १९९५ला सरकार बदललं, प्रकल्प रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी होऊन सुरू झाला. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ला चालू झाला, नाफ्त्यावर. रुपया घसरला, नाफ्ता महागला, वीज मंडळाला दर परवडेना, २००१ला प्रकल्प बंद.

समोरचे लोक धंद्यात तरबेजच होते. सौदा करण्यात ते आपल्या बाजूपेक्षा कितीतरी पुढे होते, हीच तर अडचण. आपल्या बाजूला कराराचं प्रत्येक कलम वाचून 'रुपया तीस टक्के घसरला तर आपण किती देऊ' हे गणित मांडणारा माणूस हवा होता. मी म्हणेन की वित्त कळणारे लोक सत्तेत हवेतच, पण त्यांनी सौदा करण्याची हौस घरी ठेवून सौदा तपासण्याची सवय आणावी.

तांबडा भात

फणसपोळी, शेवटचं वाक्य अगदी पटलं. आणि जमीन? नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना २०१९ला मागे घेतली, बारसूत २०२३ला रिफायनरीच्याच माती परीक्षणावरून लोक रस्त्यावर आले. दोन्ही वेळी वरच्या पातळीवर सगळं 'ठरलेलं' होतं. आंबा, काजू, कातळावरची गुरचराई यांवर जगणाऱ्या माणसाला आधी विचारायचं राहून गेलं की कितीही मोठी कंपनी असो, काम पुढे सरकत नाही.

खळा

मग धंद्यातला कोण चालेल? सहकारातला. आंबा उत्पादक संस्था, मच्छीमार सोसायटी, पतपेढी चालवलेला. त्याला सभासदांचं ऐकायची सवय असते, वार्षिक सभेत उभं राहून हिशोब द्यायची सवय असते, आणि सभासदाला काढून टाकता येत नाही हेही तो शिकलेला असतो.

पातवाला

खळा, अगदी मनातलं. डिझेल परताव्याचे अर्ज गोळा करणं, त्रुटी काढून परत पाठवणं, रक्कम उशिरा आली तर सभासदांच्या शिव्या खाणं, हे सगळं सोसायटीच्या चेअरमनला करावं लागतं. पंचायतीचं काम याच्याच जवळचं. फक्त ज्या सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षं एकच घर चेअरमन आहे तिथल्याला हा गुण देता येणार नाही.

कातळ

आणखी एक वाट सुचवतो. नगरपरिषदेत स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेले, सदस्य असतात. त्यांना मतदानाचा अधिकार नाही, पण सभेत बोलता येतं. तरतूद आहे ती नगर प्रशासनाचा विशेष अनुभव असलेल्या माणसांसाठी. प्रत्यक्षात निवडणुकीत पडलेल्यांची सोय लावली जाते. गावातला निवृत्त प्लांट मॅनेजर, एखादा सीए, जलअभियंता यांना तिथे घेतलं तर कपॅसिटरपासून निविदेच्या अटींपर्यंत सगळं कौशल्य सभागृहात येईल, आणि निवडून येण्याची, माणसं सांभाळायची जबाबदारी ज्याला ती जमते त्याच्याकडे राहील. गटनेत्यांवर गावाने दबाव आणावा तो यासाठी.

वाशिष्ठीकाठ

धागा काढल्याचं सार्थक झालं. कातळ यांची स्वीकृत सदस्यांची सूचना आमच्याकडे पुढे नेतो. एक विचारायचं राहिलं. एखादा उद्योजक उमेदवार प्रचाराला आला तर त्याची तयारी कितपत आहे हे सामान्य मतदाराने कसं ओळखावं? 'व्हिजन' विचारलं की सगळेच छान बोलतात.

उंडी

व्हिजन विचारूच नका. गेल्या वर्षीचं अंदाजपत्रक वाचलंय का ते विचारा. स्वतःचं उत्पन्न किती, सहाय्यक अनुदान किती, घरपट्टीची मागणी, वसुली आणि थकबाकी किती. स्थानिक निधी लेखापरीक्षणाचे किती आक्षेप प्रलंबित आहेत. कोणत्या योजनेची उपयोगिता प्रमाणपत्रं (निधी ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले) दिली नाहीत म्हणून पुढचा हप्ता अडलाय. ज्याने उभं राहायचं ठरवल्यावर हे कागद मिळवले नाहीत, तो निवडून आल्यावरही मिळवणार नाही.

ग्रामपंचायत असेल तर विचारा की २०२१ ते २०२६साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाचा निधी बंधित ६० टक्के आणि अबंधित ४० टक्के, त्यातला बंधित कशावर खर्च झाला. तो पाणी आणि स्वच्छतेवरच करता येतो. पैसे निघायला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) या दोघांची डिजिटल सही लागते. स्वतःची डीएससी (डिजिटल सहीची किल्ली) दुसऱ्याच्या खिशात देणारा सरपंच किती धोक्यात असतो हे उमेदवाराला ठाऊक आहे का, तेही विचारा. आणि ग्रामसभेला गणपूर्ती किती लागते? एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती संख्या. कारखानदार असो की शेतकरी, एवढं यायलाच हवं.

गलबत

उंडी, हे प्रश्न मी आमच्या भागातल्या इच्छुकांना विचारणार, ज्यांची बाजू घेऊन मी इथे भांडतोय त्यांना आधी. कागद मतदाराला कसे मिळतात तेवढं सांगा.

उंडी

आधी नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर अंदाजपत्रक आणि सभेचे ठराव बघा. तिथे नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर, पुढे पानाला दोन रुपये. अर्जात 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका, त्यावर फाटे फुटतात. वर्ष आणि कागदाचं नाव लिहा : अमुक वर्षाचं मंजूर अंदाजपत्रक, त्याच वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल, मागणी-वसुली-थकबाकीचा गोषवारा. ग्रामपंचायतीला नमुना ८ आणि नमुना ९ मागा, आकारणी आणि मागणी त्यांत असते. अंदाजपत्रकाची सभा फेब्रुवारीअखेरपर्यंत होते आणि सभा लोकांसाठी खुली असते, तेव्हा अर्ज डिसेंबरमध्येच टाका. म्हणजे कागद हातात घेऊन मागच्या बाकावर बसता येईल.